पाच मैलांच्या आतलं घर : धुळे ते फैजपूर

शालकाने भुसावळला दोन हजार स्क्वेअर फुटांचा प्लॉट घेतलाय आणि त्याला घर 'ग्रीन' बांधायचंय. एका कॉन्ट्रॅक्टरने त्याला एस्टिमेट दिलं, त्यात समोरून काच, एसीपी शीट म्हणजे दर्शनी भागाला चिकटवायचे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, गुजरातहून येणारे ब्लॉक, वर सोलर, आणि पहिल्याच पानावर हिरव्या ठळक अक्षरात 'ग्रीन होम'. भुसावळला काच! जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाऊन बसतो तिथे. शालकाने ते सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आणि खाली लिहिलं, दाजी बघा जरा. मी नाशिकला साईट सुपरवायझर, मला हिशोब कळतो, डिझाईन तेवढं नाही, म्हणून मी आमच्या आर्किटेक्ट मित्राला विचारलं तर तो म्हणे डिसेंबर आहे, भरीताचा सीझन आहे, डायरेक्ट भुसावळला कशाला जायचं, धुळे-साक्री-शिरपूर करत जाऊ, खान्देशात लोक कसं बांधतात आणि कशावर जगतात ते तरी बघू. बायकोने लगेच हो म्हटलं, माहेर म्हटल्यावर ती कशाला नाही म्हणतेय. तर असे आम्ही तिघं आणि माझी जुनी व्हॅगनआर.

गुरुवार, धुळे

मालेगाव सोडलं की हवा बदलते, कोरडी होते, आणि धुळ्यात शिरेपर्यंत दुपार झाली. आग्रा रोडला गाडी लावायला जागा मिळाली हेच नशीब. पहिले शेवभाजी खाल्ली, तर्री बघूनच आर्किटेक्टला घाम फुटला, मग पायी फिरलो.

धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत हे नवख्या माणसाला गंमतशीर वाटतं. गल्ली नंबर दोन, चार, पाच, पत्ता सांगताना लोक तेवढंच सांगतात. आणि गल्ल्या सरळ आहेत, रेघ मारल्यासारख्या. जुन्या गावांमध्ये असं नसतं, तिथे गल्ली जिथे वळायची तिथे वळते. त्याचं कारण असं की १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथे आला, त्याने जिल्ह्याच्या मधोमध म्हणून धुळे निवडलं आणि १८१९ पासून जुन्या गावाशेजारी नवी पेठ आखून घेतली. आता खरी गोष्ट पुढे आहे, नुसते रस्ते आखून गाव वसत नाही, तर त्याने व्यापाऱ्यांना घर-दुकानासाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, बांधायला आगाऊ पैसे दिले, कारागीर लांबलांबून आणले. म्हणजे आज ज्याला आपण इन्सेंटिव्ह वगैरे म्हणतो ते दोनशे वर्षांपूर्वी पांझरा नदीच्या काठी करून झालंय. लढायांनी उजाड झालेल्या मुलखात बाजार उभा करायचा होता त्याला, त्याचा महसूल त्यातूनच येणार होता, धर्मादाय काही नव्हता तो. पण आखणी चांगली होती हे मान्य करावं लागतं, कारण खाली दुकान, मागे गोडाऊन आणि वर घर ही पद्धत तिथे अजून चालू आहे, आणि दुकानदाराला कामावर जायला जिना उतरण्यापलीकडे पेट्रोल लागत नाही. आर्किटेक्ट म्हणाला आम्हाला कॉलेजात हेच 'मिक्स्ड यूज' म्हणून दोन सेमिस्टर शिकवलं.

एका गल्लीत जुनं घर पाडायचं काम चालू होतं, अर्धं पाडलेलं. अशा वेळी घर आतून बघायला मिळतं, डॉक्टरला एक्स-रे दिसतो तसं. धाब्याचं घर होतं. खाली हातभर जाडीची मातीची भिंत, त्यात सागाचे खांब, खांबांवर तुळई, तुळईवर आडवे सरे, सऱ्यांवर काड्यांचा थर, मग मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर खारी माती. खारी माती पाणी आत जाऊ देत नाही, पण दर वर्षी पावसाच्या आधी ती नव्याने टाकून चोपायला लागते. शेजारच्या ओट्यावर एक आजोबा बसले होते, त्यांना विचारलं, आता कोण करतं हे? ते म्हणाले, "आते खारी टाकनारा कोन शे भाऊ? पोरे समदा पुनाले निंघी ग्यात."

म्हणजे बघा, त्या छपराला दर वर्षी चार माणसं लागायची आणि त्या चार माणसांना दर वर्षी काम मिळायचं. आपण स्लॅब टाकला, मेंटेनन्स वाचवला, आणि ते काम गेलं. धाबं गळायचं, विंचू निघायचे, उंदीर तर असायचेच, त्यामुळे मी काही जुनं ते सोनं म्हणणाऱ्यातला नाही. पण दुपारी दोन वाजता त्या अर्धवट पाडलेल्या घरात उभं राहिलो तर गारवा होता आणि समोरच्या नव्या बिल्डिंगीच्या जिन्यात भट्टी. डिसेंबरात!

पाडणाऱ्याने सांगितलं, सागाचे खांब आधीच विकले गेलेत, फर्निचरवाले हात धरून घेऊन जातात. ते मी डोक्यात नोंदवून ठेवलं.

शुक्रवार, साक्री आणि बारीपाडा

सकाळी सुरत रोडला लागलो. कुसुंबा, नेर, मग साक्री. पांझरा काठाने हा पट्टा फड पद्धतीचा. नदीवर ठिकठिकाणी छोटे बंधारे, त्यातून पाट, पाटाचं पाणी उताराने आपोआप शेतात, पंप नाही काही नाही. गावची सगळी जमीन फडांमध्ये वाटलेली, एका फडात या वर्षी ऊस तर सगळ्यांनी ऊस, दुसऱ्यात धान्य तर सगळ्यांचं धान्य, आणि पुढच्या वर्षी बदली. पाणी द्यायला पाटकरी, राखायला जागल्या, त्यांचा पगार गावाकडून. तीनशे-चारशे वर्षं जुनी पद्धत मानतात. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि सुरुवातीलाच इकडे खान्देशात आले, दातर्तीला त्यांनी पाणी पाईपमधून पलीकडे नेणारा सायफन बांधला, तेव्हा ते तेविशीचे. आता फडाचे बरेचसे बंधारे नावालाच उरलेत कारण वर धरणं झाली आणि ज्याच्या त्याच्या विहिरीवर मोटर बसली. मोटर आपली, पाणी आपलं, मग फडाच्या मीटिंगला कोण जातंय.

डोंगरांवर पवनचक्क्या दिसायला लागल्या. ब्राह्मणवेल, निजामपूर हा सगळा पट्टा पवनचक्क्यांचा, आणि त्याच बाजूला शिवाजीनगरला महाजनकोचा, म्हणजे सरकारी वीज कंपनीचा, १२५ मेगावॅटचा सोलर प्लांट, २०१३ पासूनचा. आर्किटेक्ट खूश, फोटोवर फोटो. मला एकच प्रश्न पडतो अशा ठिकाणी, की इथली वीज बाहेर जाते ते ठीक, ती तर विकायलाच बनवलीय, पण पैशातला किती इथे थांबतो? प्लांट उभारताना काम मिळतं, नंतर पॅनल धुवायला आणि गेटवर वॉचमन एवढेच लोक लागतात. त्यापेक्षा घरावरचं सोलर बघा, त्याला गावातला फॅब्रिकेटर स्ट्रक्चर करून देतो, गावातला इलेक्ट्रिशियन वायरिंग करतो, बिघडलं की तोच येतो. फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे, शालकाच्या डोक्यात तेच बसलंय.

पिंपळनेरच्या पुढे डोंगरात बारीपाडा. छोटा पाडा, कोकणी आदिवासींची वस्ती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथे डोंगर बोडका होता आणि पाणी आटलेलं. चैत्राम पवार तिथलेच, शिकून नोकरीच्या मागे न जाता गावात राहिले, गावाने जंगल राखायचं ठरवलं, झाड तोडलं तर दंड, चराईवर बंदी, उतारावर चर खोदले, नाल्यांवर बंधारे. चारशे हेक्टरहून जास्त जंगल राखलं या एवढ्याशा वस्तीने. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते आम्हाला भेटले नाहीत, दौऱ्यावर होते, पण एका काकांनी जंगलात नेलं. पायाखाली पाला इतका की चप्पल रुतते. जंगल वाढल्यावर विहिरींना पाणी आलं, पाण्यावर इंद्रायणी भात आला, जंगलातल्या भाज्या तर दर वर्षी वनभाजी महोत्सवात मांडतात, धुळे-नाशिकहून लोक खायला येतात. आम्ही चुकीच्या महिन्यात गेलो, तो पावसाळ्यातला कार्यक्रम.

काका चालता चालता म्हणाले, "आमच्याकडचे लोक आधी ऊसतोडीला, द्राक्षाच्या कामाला जायचे, आता इथेच पुरतं." बास, एवढंच. बायको म्हणाली, तू दिवसभर पैसा कुठे थांबतो पैसा कुठे थांबतो करत होतास ना, घे.

रात्री पिंपळनेरला मुक्काम, लॉजबद्दल न बोललेलं बरं.

शनिवार, शिरपूर

परत धुळ्यावरून आग्रा हायवे, सोनगीर लागलं, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव, बायकोने एक तांब्या घेतला. मग तापीचा पूल आणि शिरपूर.

शिरपूर पॅटर्न हे नाव तुम्ही ऐकलं असेल. सुरेश खानापूरकर, भूजल सर्वेक्षण यंत्रणेतून रिटायर झालेले भूवैज्ञानिक, आणि आमदार अमरीशभाई पटेल, यांनी २००४ पासून तालुक्यातल्या नाल्यांवर काम सुरू केलं. नाले रुंद आणि खोल करायचे, दहा-पंधरा मीटरपर्यंत, आणि लागोपाठ सिमेंटचे बंधारे, ज्यांना गेटच नाही. का तर गेट म्हटलं की फळ्या चोरीला जातात आणि वेळेवर कोणी टाकत नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना माहितीय. खोल करण्यामागे इथली जमीन आहे, तापीचा गाळ आहे तो, वर पिवळ्या मातीचा जाड थर, ज्यातून पाणी खाली उतरतच नाही, पाऊस पडला की वाहून तापीत. तो थर कापला की खाली वाळू लागते आणि पाणी झिरपतं.

असा एक नाला बघितला. नाला म्हणवत नाही, छोटी नदीच, काठ उभे कापलेले, पिवळ्या मातीचा थर उघडा पडलेला स्पष्ट दिसतो. काठावर कपाशी वेचून झालेली, पलीकडे हिरवं. तिथला एक शेतकरी म्हणाला, "पानी शे तं समदं शे." त्याच्या वडिलांनी विहीर बुजवायला काढली होती, आता तीच दोन पिकांना पुरते म्हणे.

यावर टीकाही झालीय आणि ती मला पटते. गाळाच्या जमिनीत जे चालतं ते कठीण बेसाल्टमध्ये चालेलच असं नाही, तिथे नुसता खड्डा होईल, शिवाय वरच्याने सगळं अडवलं तर खालच्याने काय करायचं. पॅटर्न म्हटलं की आपले लोक सगळीकडे तोच शिक्का मारत सुटतात, जेसीबीवाल्यांची चंगळ होते. शिरपूरला मात्र पाण्यानंतरच्या गोष्टीही झाल्या, सूतगिरणी, कॉलेजं, बागा, आणि संध्याकाळी बाजारात फिरताना तालुक्याचं गाव वाटत नाही.

आर्किटेक्टने इथे चहा पिता पिता नियमावलीचं लेक्चर दिलं, ते थोडक्यात देतो कारण उपयोगाचं आहे. राज्याच्या २०२० च्या युनिफाइड बांधकाम नियमावलीत ग्रीन रेटिंग घेतलं तर जादा एफएसआय, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकाम, मिळतो, ग्रिहा आणि आयजीबीसी ही ती रेटिंगं, ग्रिहाचे तीन स्टार किंवा आयजीबीसी सिल्व्हर असेल तर ३ टक्के, चार स्टार किंवा गोल्डला ५, पाच स्टार किंवा प्लॅटिनमला ७. आता शालकाचा प्लॉट १८६ चौरस मीटर, बेसिक एफएसआय १.१, म्हणजे साधारण २०४ चौरस मीटर बांधकाम, त्याचे ५ टक्के म्हणजे दहा चौरस मीटर. एक लहान खोली! त्यासाठी कन्सल्टंट, फी, कागदपत्रं. मोठ्या बिल्डरला परवडतं, आपल्यासारख्याला नाही. आणि पावसाचं पाणी मुरवायची सक्ती पाचशे चौरस मीटरच्या प्लॉटपासून पुढे. धुळे, भुसावळ, अमळनेर इथे पाचशे मीटरचा प्लॉट किती जणांकडे असतो? म्हणजे ज्या गावांना पाणी आठ-आठ दिवसांनी येतं तिथली निम्म्याहून जास्त छपरं नियमातून बाहेर. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर पुण्या-मुंबईच्या सोसायट्या असतात, दुसरं काय.

रविवार, अमळनेर करून जळगाव

अमळनेरला थांबलो ते फक्त चहापुरतं. साने गुरुजींची कर्मभूमी. २९ डिसेंबर १९४५ ला इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स म्हणून वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली, आणि गावात जे तेव्हा शेअर घेऊन विसरून गेले त्यांच्या नातवंडांचं भलं झालं. पैसा गावात थांबवायचा हा पण एक मार्ग, पण तो प्लॅन करून जमत नाही.

बांभोरीला गिरणा ओलांडली, बहिणाबाईंच्या नावाचं विद्यापीठही तिथेच. जळगावात शिरताना ऊन उतरलं होतं.

जैन हिल्सवर गांधीतीर्थ बघायचं होतं. भवरलाल जैन यांचं मूळ गाव वाकोद, त्यांनी १९६३ मध्ये सात हजार रुपयांवर रॉकेल विकायला सुरुवात केली, मग पपईच्या चिकापासून पपेन, मग पीव्हीसी पाईप, मग ठिबक आणि टिश्यू कल्चरची केळी. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. टेकडी पूर्वी उघडी होती म्हणे, आता आंब्याच्या बागा आणि जागोजागी साठवलेलं पाणी.

गांधीतीर्थाचं उद्घाटन २५ मार्च २०१२ ला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं, त्याही इकडच्याच. इमारत देखणी, शांत, आतलं 'खोज गांधीजी की' संग्रहालय तर दोन तास कमी पडतात असं. पण दगड जोधपूरचा आहे. आता केरळात कमी खर्चाची घरं बांधणारे आर्किटेक्ट लॉरी बेकर सांगायचे की गांधीजी त्यांना म्हणाले होते, आदर्श गावातलं आदर्श घर पाच मैलांच्या आतल्या सामानातून बांधावं. आर्किटेक्टने ही गोष्ट तिथेच पायऱ्यांवर सांगितली आणि आमचं भांडण झालं. मी म्हटलं गांधीजींच्या स्मारकाला राजस्थानचा दगड, म्हणजे विनोद आहे. तो म्हणाला दगड शे-दोनशे वर्षं टिकतो, रंग लागत नाही, गिलावा लागत नाही, एकदाच ट्रक आला, आणि हे स्मारक आहे, घर नाही. बायको म्हणाली तुम्ही दोघं खाली या, लोक बघतायत.

पण ते पाच मैल माझ्या डोक्यातून जाईनात. आठ किलोमीटर होतात. भुसावळच्या आठ किलोमीटरात काय काय आहे?

रात्री भरीत आणि कळण्याची पुरी. वांगी काटक्यांवर भाजलेली, हिरवी मिरची, कांद्याची पात, वरून शेंगदाणे. यावर मी काही लिहीत नाही, ज्याने खाल्लंय त्याला माहितीय.

सोमवार, भुसावळ

भुसावळच्या आठ किलोमीटरात काय आहे तर दीपनगर. औष्णिक वीज केंद्र, त्यात पाचशे-पाचशे मेगावॅटचे दोन युनिट तर आहेतच, आणि राख. आपल्या देशी कोळशात ३० ते ४५ टक्के राखच असते, म्हणजे तीन मालगाड्या कोळसा आला की एक मालगाडी राख झालीच समजा. ही राख टाकायची कुठे, म्हणून केंद्र सरकारने १९९९ मध्ये नोटिफिकेशन काढलं की वीज केंद्राच्या ५० किलोमीटरच्या आत विटा करायच्या तर त्यात राख वापरलीच पाहिजे, २००३ मध्ये ते १०० झालं आणि २०१६ मध्ये ३००. कागदावर तीनशे, पण गाडीभाडं बघितलं तर जो जवळ त्याचाच फायदा. भुसावळवाले जवळ आहेत.

शालकाला घेऊन राखेच्या विटांच्या एका कारखान्यावर गेलो. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक पॅन मिक्सर, एक हायड्रॉलिक प्रेस आणि समोर मैदानभर करड्या विटांच्या थप्प्या. मिक्सरमध्ये राख, खडी क्रशरची डस्ट, थोडं सिमेंट, ठरावीक पाणी. ओलं मिश्रण मुठीत दाबलं तर गोळा झाला पाहिजे, पण हाताला पाणी लागायला नको, मालक काकांनी करून दाखवलं आणि म्हणाले, "हेच राह्यतं भौ सगळं, मशीन काय कोनीबी घेतं." प्रेसमधून विटा पाट्यावर येतात, दोन बायका तो पाटा उचलून थप्पी लावतात, हात चुकला तर कोपरा गेला. मग दोन-तीन आठवडे रोज पाणी. भट्टी नाही, धूर नाही, कोळसा नाही, आणि शेताची वरची माती खरवडायची गरज नाही. लाल वीटभट्टीला शेताची वरची सुपीक माती जाते, ती विकून शेतकऱ्याला एकदाच पैसे मिळतात आणि शेत हातभर खाली जातं, हे इथे सगळ्यांनी बघितलंय.

काकांकडे आसपासच्या खेड्यांतले लोक कामाला आहेत, मशीनचा फोरमन तर आधी बाहेरगावच्या लाल भट्टीवर सहा महिने राहायचा, पोरांची शाळा बुडायची. आता संध्याकाळी घरी. लाल भट्टी पावसाळ्यात बंद असते, हे शेड बारा महिने चालतं. मी विचारलं, राख सगळी सुखाची आहे का? काका हसले. कोरडी राख सायलोतून, म्हणजे बंद टाकीतून, टँकरने येते तोवर ठीक, वीज केंद्र कुठलंही घ्या, तळ्यात सोडलेली राख उन्हाळ्यात वाळली की उडते, आसपासच्या पिकांवर बसते. कोळसा जाळायचा, मग राखेच्या विटा करून त्याला ग्रीन म्हणायचं, हे पूर्ण पटणारं नाहीच. पण राख तर तयार आहे, डोंगरासारखी पडलीय, ती भिंतीत गेलेली बरी की फुप्फुसात, एवढाच प्रश्न.

काकांनी वीट हातात दिली. जड. कडा सरळ, सगळ्या एका मापाच्या. शालकाने ती आपटून बघितली, मग दुसरी आपटली, मग काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तिसरी खाली ठेवली.

मंगळवार, फैजपूर

तापी ओलांडली की केळी सुरू. दोन्ही बाजूला केळी, मधून रस्ता, सावद्याकडे जाणारे ट्रक. यावल-रावेरच्या या पट्ट्यात केळीच्या जिवावर घरं उभी राहिली आणि केळीच्याच पायी पाणी खोल गेलं. सातपुड्याच्या पायथ्याला जो दगडगोट्यांचा पट्टा आहे तिथे पाणी भसाभसा मुरतं, तिथे अडवलं तर खालच्या विहिरी भरतात, इथले जुने लोक सांगतात.

फैजपूरला मला वेगळ्याच कारणासाठी जायचं होतं. २७ आणि २८ डिसेंबर १९३६, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींचा आग्रह की अधिवेशन खेड्यात आणि खेड्याच्याच सामानात, म्हणून शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं. त्यांनी इथे टिळकनगर उभं केलं, बांबू, चटया, इकडचे सुतार, इकडचे बुरूड, इकडच्या बैलगाड्यांची चाकं. नेहरूंची मिरवणूक बैलांच्या रथातून. गांधीजींनी खादी-ग्रामोद्योग प्रदर्शनाचं उद्घाटन करताना नंदबाबूंचं आणि गावच्या कारागिरांचं कौतुक केलं. देशभरातून माणसं आली, त्यांच्या राहण्या-जेवण्याचं, गाड्यांचं, बांबूचं सगळं काम याच मुलखाने केलं, आणि संपल्यावर ते सगळं सोडून बांबू परत बांबू, चटई परत चटई. आज एवढा इव्हेंट झाला तर फ्लेक्सचा ढीग उरला असता.

आर्किटेक्ट हे ऐकून जरा गप्प झाला, त्याच्या जोधपूरच्या दगडाला उत्तर मिळालं होतं असं मी धरून चाललोय. तो कबूल करणार नाही.

गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं तर त्यांनी हात दाखवला, तिकडे भरलं होतं, त्यांच्या वडिलांनी बैलजोडी दिली होती म्हणे. मग अर्धा तास ते बैलांबद्दलच बोलले.

बुधवार, परत भुसावळ

सकाळी प्लॉटवर गवंडी बोलावला. मिस्त्री साठीचे, नाना म्हणतात सगळे, आणि राखेच्या वीटेवर त्यांची तक्रार तयारच. "भिंत नि कॉलमच्या सांध्यात गिलाव्याला चिरा पडता. खिळा ठोका तं वीट फुटते. नि ही वीट पानी पेत नाही, माल सरकतो." सगळं खरं आहे. सांध्यात जाळी मारायची, खिळ्याऐवजी ड्रिल करायचं, वीट भिजवून चिंब करायची नाही, वरवर पाणी मारायचं, हे आर्किटेक्टने सांगितलं, नानांनी ऐकून घेतलं, पटलं की नाही कळलं नाही.

मग आर्किटेक्टने रॅट ट्रॅप बाँड काढला. बेकरने केरळात हाच लावून लावून लोकप्रिय केला. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावायची, दोन उभ्या विटांमध्ये पोकळी राहते, विटा साधारण पाव भाग कमी लागतात आणि पोकळीमुळे ऊन आत यायला वेळ लागतो. नाना म्हणाले असा थर आपण कधी लावला नाही. शालक म्हणाला लावून बघा नाना, ही चार फूट नमुन्याची भिंत, पाडून टाकू नंतर. पहिला थर वाकडा आला, नानांनी ओळंबा लावला, शिवी दिली, विटा काढल्या, परत लावला. दुसऱ्या थराला त्यांनी बिगाऱ्याला माल घट्ट करायला सांगितलं. चौथ्या थराला ते एकटेच गुणगुणत काम करत होते आणि आम्हाला बाजूला व्हा म्हणाले. दुपारी शेजारच्या साईटवरचे दोन मिस्त्री येऊन बघून गेले, एकाने पोकळीत हात घालून बघितला, उंदीर राहील म्हणाला. नाना म्हणाले तुझ्या घरी पोकळी नाही तरी आहेतच.

मजुरीवर थोडी ओढाताण झाली. या बाँडला हात जास्त लागतो, नानांनी जादा मागितले, शालकाने कमी केले, शेवटी विटांचे जे वाचतील त्यातले अर्धे मजुरीत द्यायचे असं ठरलं. मला हे आवडलं, जे पैसे विटेच्या गाडीला जायचे ते नानांच्या हातात जाणार.

संध्याकाळी सासुरवाडीच्या ओट्यावर जुनं एस्टिमेट काढून बसलो, शालक पेनने खोडत होता. काच गेली, एसीपी गेलं. वीट दीपनगरच्या राखेची, डस्ट जवळच्या क्रशरची. दारं-खिडक्या धुळ्याच्या जुन्या सागाच्या, त्या पाडणाऱ्याचा नंबर माझ्याकडे आहे. छपरावर पांढरा चुना, पश्चिमेला खिडकी लहान, पावसाचा पाईप बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात, सक्ती नसली तरी. सोलर गावातल्याच माणसाकडून, त्याने कोटेशन दिलंय. सिमेंट चंद्रपूरकडचं आणि लोखंड जालन्याचं, त्याला इलाज नाही. आर्किटेक्टने फी घेतली नाही, भरीताची वांगी घेतली, पाच किलो.

टाइल्सपाशी गाडी अडली. शालक म्हणाला कोबा करू, गार राहतो, नाना चांगला घोटतात. सासूबाई आतून म्हणाल्या कोबा गोठ्यात कर. टाइल्स गुजरातेतल्या मोरबीच्या येणार, डिझाईन त्यांनी आधीच पसंत करून ठेवलंय.